मामा, भाचा आणि फियाट

जुन्या गाडीशेजारी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. कुणीतरी येतंच. येणारा आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, बॉनेटवर दोन थापा मारतो आणि म्हणतो, "आमच्याकडे होती ही." मग जरा थांबून, "म्हणजे काकांकडे." आणखी जरा थांबून, "म्हणजे काका ज्यांच्याकडे नोकरीला होते त्यांच्याकडे. पण चालवायचे काकाच." कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून जितक्या फियाट बाहेर पडल्या असतील, त्याच्या निदान चौपट एकट्या पुण्यातल्या काकांकडे होत्या, असं माझं मत झालं आहे. या सगळ्या काकांनी त्या गाड्या मातीमोल भावाने विकल्या, हेही ठरलेलं. त्यानंतर एक सुस्कारा येतो. "आज असती तर!"

"आहे की. ही घ्या," असं मी म्हणून पाहिलं आहे. त्या क्षणी समोरच्याला बस पकडायची असते.

गाडीबद्दल बोलण्याचा मला अधिकार आहे तो एवढाच की माझ्या इमारतीत मला एक झाकलेलं पार्किंग आहे आणि माझ्याकडे फक्त स्कूटर आहे. सासरे वारले, साताऱ्याचं घर पाडायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या फियाट ११०० डिलाइटचं काय करायचं यावर कुटुंबाची बैठक बसली. मेहुण्यांचं गाडीवर जिवापाड प्रेम, पण ते मुंबईत अकराव्या मजल्यावर राहतात. मेहुणीच्या मुलाचं तर गाडीसाठी शिक्षण थांबलंय असं त्याची आई म्हणते, पण तो राहतो तीन मित्रांबरोबर भाड्याने. सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या. "दाजी, तुमची स्कूटर काय, कुठेही राहील," मेहुणे म्हणाले. तेव्हापासून स्कूटर कुठेही राहते.

गाडी १९६८ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्या कंपनीने फियाटच्या परवान्यावर कुर्ल्यात बांधलेली. हीच गाडी पुढे थोडा काळ प्रेसिडेंट या नावाने विकली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव लावून पद्मिनी झाली. नावं बदलली, अंगकाठी तीच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढे अखंड बाक. त्या बाकावर सासऱ्यांनी सासूबाई, तीन मुलं आणि एक फणस एवढ्यांना एका वेळी बसवून महाबळेश्वर दाखवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घराण्याच्या इतिहासात असंही नोंदलं आहे की सासऱ्यांनी ही गाडी कारखान्याच्या फाटकातून स्वतः बाहेर काढली आणि कुठेही न थांबता साताऱ्याला आणली.

वारसदारांमध्ये मतभेद असतात, तसे इथेही होते. मेहुण्यांना, म्हणजे भाच्याच्या भाषेत मामांना, गाडी ओरिजिनल ठेवायची होती. भाच्याला ती मॉडिफाय करायची होती. आणि मला ती हलवायची होती. पण मी जावई असल्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही.

मामांचं ओरिजिनल हे साधंसुधं प्रकरण नाही. गाडीचं मॅन्युअल त्यांनी लाल कापडात गुंडाळून देवघराशेजारच्या कपाटात ठेवलं आहे आणि ते उघडण्याआधी हात धुतात. रेडिएटरच्या पाइपाला लावलेल्या क्लिपेवरून त्यांनी एकदा माझ्याशी अबोला धरला होता. ती क्लिप स्टेनलेस स्टीलची होती. "त्या काळात अशी क्लिप नव्हती, दाजी." मी म्हटलं, पाणी गळायचं थांबलंय ना. त्यावर ते म्हणाले, "गळू दे. पण त्या काळातलं गळू दे." विशेष म्हणजे मामांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन आत जर्मन भिंग बसलं आहे आणि केसांचा रंग तर कुठल्याच कारखान्यातून तसा येत नाही.

उन्हाळ्यात या गाडीच्या पेट्रोल पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी घाटात बंद पडते. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं टाकायचं. सासरे खंबाटकीच्या घाटात त्यासाठी आपला पंचा वापरत. तो पंचा मामांनी जपून ठेवला आहे. भाच्याने एकदा पंपावर नवा नॅपकिन टाकला, तेव्हा मामांनी तो उचलून दोन बोटांत धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला वाढवलं आहे.

भाच्याचा पक्षही ऐकण्यासारखा आहे. त्याच्या मते गाडी म्हणजे कोरा कागद. इंजिन एस्टीमचं टाकायचं, पॉवर स्टिअरिंग बसवायचं, चाकं सतरा इंची अलॉयची, रंग मॅट आणि गाडी 'लो' करायची. लो म्हणजे खाली आणायची, जमिनीला जवळजवळ टेकवायची. ज्या शहरात दर सोसायटीने आपापल्या गेटसमोर स्वतःच्या वर्गणीतून एक सह्याद्री उभारला आहे, तिथे गाडी खाली आणण्याची इच्छा होणं हे मला वेगळ्याच धैर्याचं लक्षण वाटतं. त्याच्या एका मित्राने गाडी लो केली आहे. तो डिकीत दोन लाकडी फळ्या घेऊन हिंडतो. गतिरोधक आला की दोन मित्र उतरतात, फळ्या लावतात, तिसरा "ये, ये, ये, बस" करतो आणि गाडी गोदीतून जहाज सोडावं तशी पलीकडे उतरते. चौथा व्हिडिओ काढतो. जवळच्या हॉटेलात चहा प्यायला जायचं तरी चार माणसं लागतात. पण आनंद बघावा तर त्यांच्या तोंडावर!

"काका, तुमच्या पिढीने गाडी फक्त धुतली," भाचा मला म्हणाला. मी स्कूटरही फारशी धुतलेली नाही, हे त्याला सांगितलं नाही.

मामा-भाच्याचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, ते म्हणजे सुटे भाग शोधणे. मामांना खरे भाग लावायला हवे असतात, भाच्याला भिंतीवर टांगायला. त्यामुळे रविवारची सकाळ जुन्या बाजारात. तिथे जमिनीवर पसरलेल्या गंजक्या लोखंडासमोर मामा उकिडवे बसतात, गुडघे नवे असल्याने ते त्यांना जमतं, आणि एकेक तुकडा उचलून प्रकाशात धरतात. भाव करण्याची त्यांची पद्धत अशी की वस्तू सापडल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. दुकानदार ते पाणी पाहतो आणि किंमत सांगतो. हवी असलेली वस्तू मात्र अजून मिळालेली नाही. डिलाइटच्या मागच्या डाव्या दिव्याची काच. उजव्या बाजूच्या मुबलक आहेत. भारतातल्या सगळ्या फियाट आयुष्यभर डावीकडूनच ठोकल्या गेल्या, असा एक निष्कर्ष यातून निघतो.

एकदा कुणीतरी बातमी आणली की माण तालुक्यात एका वाड्यात 'डुक्कर फियाट' पडून आहे. डिलाइटच्याही आधीची, पन्नासच्या दशकातली ती गोलमटोल फियाट, जिची पुढची दारं उलटी उघडतात. मामांनी ती रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. (माझ्या मित्राच्या गाडीने. डिलाइटचा पंप उघडलेला होता.)

गाडी खरोखर होती. कडब्याच्या गंजीखाली, गोठ्याच्या कडेला. मालकांनी कडबा बाजूला केला तसा आतून कोंबड्यांचा एक परिवार नाराज होऊन बाहेर आला. मागच्या सीटवर अंडी होती. मामांनी टोपी काढली.

"देणार का?" मामांनी विचारलं. आवाज फुटत नव्हता.

"न्हाई जी. पोरगं करणार हाय ती. पुण्याला असतंय, सुट्टी मिळाली की करणार हाय."

"कधीपासून करणार आहे?"

"धाकटं शाळंत हुतं तवापासनं म्हणतंय. आता त्येचं धाकटं शाळंत हाय."

मामांनी हार मानली नाही. आकडा सांगा, म्हणाले. मालकांनी आभाळाकडे पाहिलं. "टीव्हीवर दाखवलं हुतं. जर्मनीत अशीच एक जुनी गाडी हजार कोटीच्या वर गेली."

ही माहिती चुकीची नव्हती. २०२२च्या मे महिन्यात मर्सिडीजची १९५५ची ३०० एसएलआर स्टुटगार्टच्या संग्रहालयात साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. आजवर कुठल्याही मोटारीला मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. भाच्याने ते समजावण्याचा प्रयत्न केला. "आजोबा, ती मर्सिडीज होती. जगात तशा दोनच आहेत."

"ही तर तालुक्यात येकच हाय," आजोबा म्हणाले.

यावर आमच्यापैकी कुणापाशी उत्तर नव्हतं. आम्ही चहा घेतला, सहा अंडी घेतली आणि परत आलो. त्या अंड्यांचं मामा काय करणार, ही चिंता मला वाटेभर होती. त्यांनी ती खाल्ली, पण खाताना बोलले नाहीत.

जुनी गाडी असलेल्या प्रत्येक घरात हा "पोरगं करणार हाय" नावाचा एक पोरगा असतोच. तो कुठे सापडत नाही, सुट्टी त्याला मिळत नाही, पण गाडीचं विकणं तो बसल्या जागेवरून थांबवतो. काही घरांत तो पोरगा पासष्ट वर्षांचा असतो.

परतीच्या वाटेवर मामा-भाच्याचं पेटलं. मामांचं म्हणणं, गाडीला हात लावणं म्हणजे इतिहासाला हात लावणं. भाचा म्हणाला, "मामा, इतिहासात तर सगळ्यांनी हातच लावलेत." आणि त्याने कलकत्त्याच्या हंसगाडीची गोष्ट काढली. ती ऐकून मी मागच्या सीटवर सावरून बसलो.

१९१० साली कलकत्त्यात मॅथ्यूसन नावाच्या एका धनिक साहेबाने इंग्लंडमधल्या ब्रुक कंपनीकडून एक मोटार घडवून घेतली. आकार हंसाचा. पुढे उंच मान, डोळ्यांत दिवे, चोचीतून वाफ आणि पाणी उडायचं, म्हणजे गर्दी बाजूला व्हावी. पुढची पायरी तर कुठल्याही आजच्या मॉडिफायवाल्याला सुचणार नाही. हंस खरा वाटावा म्हणून मागून रस्त्यावर चुन्याची निवळी टाकायची सोय होती. रस्त्यावर असा गोंधळ माजला की पोलिसांनी ती गाडी बाहेर काढायला बंदी केली. पुढे ती नाभा संस्थानात गेली आणि आज ती हॉलंडमधल्या लाउमन संग्रहालयात आहे. तिथे तिची इतकी निगा राखतात की चोचीवरचा रंगही कुणी बदलू शकणार नाही.

"आणि कोट्याचे महाराव," भाचा पुढे म्हणाला. "१९२५ची रोल्स-रॉइस घेतली आणि तिच्यावर सर्चलाइट लावले, तोफ लावली. वाघाच्या शिकारीला. रोल्स कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तोफ होती का, मामा?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. पण भाच्याच्या बोलण्यात तथ्य होतं. आज कुणी त्या रोल्सवरची तोफ काढली तर प्रदर्शनातले परीक्षक गुण कापतील. माणूस स्वतः जिवंत असेपर्यंत जे करतो त्याला 'वाट लावली' म्हणतात, आणि तेच आजोबांनी केलेलं असलं की तो वारसा. भाच्याने गाडीवर एक ज्वाला रंगवली तर त्याला शिव्या. तीच ज्वाला त्याच्या नातवाच्या काळात कुणी पुसली तर कुणीतरी उपोषणाला बसेल.

मामा खंबाटकी उतरल्यावर बोलले. "राजांची गोष्ट वेगळी. कायदा तरी मानशील की नाही?"

भाच्याने तेव्हा आणखी एक गोष्ट काढली, ती लंडनच्या कोर्टातली. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकलेली एक बेंटली. तिचं नावच 'ओल्ड नंबर वन'. १९९० साली ती एक कोटी पौंडांना विकायचा सौदा झाला आणि घेणारा अडला. म्हणाला, ही ती गाडी नव्हेच, हिच्यातलं सगळं बदललेलं आहे. खटला हायकोर्टात गेला. न्यायमूर्तींनी पाहिलं तर शर्यतीच्या वेळचे भाग जवळपास काहीच उरले नव्हते. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला, कारण गाडी एका दिवसात बदललेली नव्हती. तिचा इतिहास अखंड होता, तेव्हा ती तीच गाडी.

"इंग्रजांचं काय सांगतोस," मामा म्हणाले. "त्यांना काय कळतंय गाडीतलं!"

कायद्याचा विषय निघालाच होता, म्हणून मी दुसऱ्या दिवशी एका जाणकार एजंटाकडे गेलो. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की ही गाडी माझ्या पार्किंगमधून कायदेशीरपणे कधी बाहेर पडेल.

एजंट म्हणाले, २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. फी वीस हजार. नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात. मामांना हे कळताच त्यांनी 'व्हीए' ही अक्षरं हवेत दोनदा लिहून पाहिली.

"मग ही गाडी रस्त्यावर चालवता येईल ना?" मी विचारलं.

"येईल की. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला."

"आणि भाजी आणायला?"

"रोजच्या वापराला नाही."

मी भाच्याच्या वतीने विचारलं. इंजिन बदललं, बॉडी कापली, तर? एजंटांनी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. कंपनीने जशी बनवली त्यापासून वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही, असा त्याचा अर्थ. केला तर गाडी रस्त्यावर नाही. पोलिसांनी मोटरसायकलींचे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तर आपण पेपरात पाहतोच.

मी दोन्ही बाजूंची बेरीज केली. मामांची गाडी चालवायची नाही, कारण ती ओरिजिनल. भाच्याची गाडी चालवायची नाही, कारण ती ओरिजिनल नाही. कुठल्याही वाटेने गेलं तरी ती माझ्याच पार्किंगमध्ये पोहोचते. घटनाकारांनी माझ्या पार्किंगचा एवढा खोलवर विचार केला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

अखेर वडीलधाऱ्यांचा मान राखायचा म्हणून मामांचं ठरलं. गाडी मूळ रंगात रंगवायची. सध्याचा रंग साईसारखा पिवळट पांढरा, पण तो सासऱ्यांनी निवृत्तीनंतर दिलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मूळ कोणता होता, यावर चर्चा झडल्या. मामांना लहानपणीचा निळा आठवत होता. बायकोला मोरपंखी. दोघांची वयं पाहता ते एकाच रंगाबद्दल बोलत असावेत.

पार्किंगमध्येच उस्ताद आले. चाळीस वर्षं फियाटचं डेंटिंग-पेंटिंग केलेला माणूस, दारावर बोट वाजवून आत पत्रा किती आणि लांबी किती भरली आहे ते सांगतो. डाव्या मडगार्डवर त्यांनी बोट वाजवलं आणि मान हलवली. "साहेब, इथं पत्रा कमी, लांबी जास्त." मामा दुखावले. मग बायकोने सांगितलं की सासूबाई गाडी शिकत होत्या तेव्हाची ती बाजू. म्हणजे ती लांबीही घराण्याचीच. ठेवायची की काढायची, यावर अर्धा तास गेला. डाव्या दिव्याच्या काचेचं रहस्यही त्याच सुमाराला उलगडलं.

उस्तादांनी रिमूव्हर लावला, पत्र्याने खरवडायला सुरुवात केली. पांढऱ्याखाली निळा आला. मामांनी माझा हात धरला. पण उस्ताद थांबले नाहीत. "ये भी ऊपर का है, साहेब." निळ्याखाली दारावर काळा रंग लागला. चांगला, घट्ट, कारखान्यातला.

"काळी!" मामा म्हणाले. "राजेशाही रंग. बाबांची निवड." त्यांनी ताबडतोब सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तेवढ्यात उस्तादांनी टपावर खरवडायला घेतलं होतं. टपावर पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा.

उस्तादांनी पत्रा खाली ठेवला. "साहेब, ये तो टॅक्सी है."

फोनवरून सासूबाई म्हणाल्या, "मग? टॅक्सीच होती ती. नव्या गाडीला नंबर लावून किती वर्षं बसायचं? दादरच्या टॅक्सीवाल्याकडून घेतली ह्यांनी. निळी करून मगच साताऱ्यात आणली. आणि तीसुद्धा रात्री."

"पण बाबा तर कुर्ल्याहून..."

"कुर्ल्यावरूनच आले असतील रे. टॅक्सीवाला तिथपर्यंत सोडायला आला होता. आणि हे बघ, मागच्या काचेपाशी मी विणलेली लेस आहे, तिला कुणी हात लावायचा नाही."

यानंतर जे घडलं त्याची कुणी कल्पना केली नव्हती. भाचा उडी मारून उठला. त्याचे डोळे चमकत होते. "मामा, काळी-पिवळीच करायची! १९६८ची ओरिजिनल मुंबई टॅक्सी! अशी कुठे मिळणार?" त्याने माहितीचा पूर सोडला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती बंद झाली. निदान एक तरी टॅक्सी जपून ठेवा म्हणून टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने सरकारकडे अर्ज केला होता, त्याचं काही झालं नाही. "म्हणजे ते काम आता आपलं आहे! एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही!" अलॉयचा, एस्टीमच्या इंजिनाचा त्याला पत्ताच नव्हता. उस्तादांनी हातात घेतलेली नवी क्लिप त्याने हिसकावून घेतली. "त्या काळात अशी क्लिप नव्हती, उस्ताद."

मामा मात्र टपाकडे बघत राहिले. "असं बघ," ते हळूहळू म्हणाले, "गाडीत थोडाफार बदल झाला तर काही बिघडत नाही. बाबांनी निळी केली, तीच खरी. त्या लंडनच्या न्यायमूर्तींनी काय सांगितलंय? इतिहास अखंड पाहिजे. फार विद्वान माणसं असतात ती."

"पण मामा, कारखान्यातून निघाली ती काळी-पिवळी."

"कारखान्याला काय कळतंय गाडीतलं!"

तेव्हापासून दोघांच्या बाजू बदलल्या आहेत आणि भांडण तेवढंच जोरात चालू आहे. मामा आता निळ्या रंगाबरोबर 'जरा बरी' सीट, पॉवर स्टिअरिंग आणि जमलं तर एसी, असं म्हणू लागलेत, गुडघ्यांसाठी. भाचा हात धुऊन मॅन्युअल वाचतो. उस्ताद दोघांचा फोन उचलत नाहीत. गाडी चार रंगांत उभी आहे, आणि सोसायटीच्या सचिवांनी मला पत्र देऊन विचारलं आहे की इमारतीत व्यावसायिक वाहन कसं काय.

वाचकांपैकी कुणाकडे फियाट डिलाइटच्या मागच्या डाव्या दिव्याची काच असेल तर कृपया कळवावं, रास्त किंमत देऊ. भाच्याला जुना, बाहेरून बसवायचा, हाताने पाडायचा टॅक्सीचा मीटरही हवा आहे, चालू असल्यास उत्तम. मामांना यातलं काही सांगू नये. आणि काच पाठवताना एकच विनंती, ती उजव्या बाजूची नाही ना, एवढी खात्री करून पाठवा. तशा माझ्याकडे एक खोकाभर आहेत आणि त्या मी फुकट द्यायला तयार आहे.